अंबाडा बसत नाही म्हणून

लोणी काळभोर
३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

अहो अध्यक्ष,

खोकं पोचलं. पोपटनं ते ओसरीवर आणून आपटलं आणि मला म्हणाला, "आक्का, दाजींनी पुन्यातलं आख्खं औषधाचं दुकान पाठवलंय. तुला द्यायचं हाय का म्हशीला?" भाऊ माझा आहे, तोंड तसंच असणार.

फोनवर हे सगळं दोन मिनिटांत झालं असतं, पण तुमचा फोन मी घेत नाही आणि घेणारही नाही. हॉस्पिटलमधून परस्पर भावाकडे आले ते काय हवापालटाला नव्हे. पत्र लिहिते आहे ते भाग्यश्रीमुळे. मला बोलायला शिकवणारी मुलगी, यवतमाळची, आठवड्यातून दोनदा येते. माझे शब्द अजून अडतात. परवा 'किसणी' काही केल्या आठवेना, शेवटी शालनवहिनीला म्हटलं, "ती खरवडायची दे." भाग्यश्रीनं सांगितलंय की रोज एक पान हातानं लिहायचं, आणि खऱ्या माणसाला लिहायचं. मी विचारलं, "नवऱ्याला लिहिलं तर चालेल का?" तर म्हणते, "चालते ना काकू. राग आला की तुमचे शब्द लवकर येऊन राहिले." हुशार आहे पोरगी.

तर खोक्याबद्दल. ब्राह्मीच्या गोळ्या, शंखपुष्पीचं सिरप, माशाच्या तेलाच्या पिवळ्या कॅप्सूल, गिंको नावाच्या कुठल्याशा परदेशी झाडाचा अर्क, दोन किलो अक्रोड आणि ती एक मोठी बरणी, जिच्यावर माणसाच्या डोक्यात बल्ब पेटलेला दाखवलाय. सगळं पिशवीत भरून डॉक्टर केयूरना दाखवायला नेलं. त्यांनी माशाचं तेल आणि गिंको आधी बाजूला काढलं. म्हणाले, "काकू, डोक्यात रक्त साचलं म्हणून तुमची कवटी उघडावी लागली होती. रक्त पातळ करेल असं काहीही मला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. बाकीच्या बाटल्यांचं तुमच्या फिटच्या गोळ्यांशी पटतं का, ते मला माहीत नाही आणि बाटलीवाल्यालाही माहीत नाही." अक्रोड तेवढे खा म्हणाले. ते अन्न आहे.

"मग मेंदूसाठी घेऊ तरी काय?" मी विचारलं. "झोप घ्या," म्हणाले. झोप, चालणं, रक्तदाबाची गोळी वेळेवर, चार माणसांत बोलणं, आणि मोबाइल बंद. एवढंच. यातलं एकही कुरिअरनं येत नाही, तुमची पंचाईत झाली.

मी सकाळी कालव्याच्या कडेनं चालते. कॉलेजची पोरं मला ओलांडून पळतात. दुपारी भाकरी, पालेभाजी आणि शेंगदाण्याची चटणी, मग तासभर झोप. तुमच्या घरात अडतीस वर्षांत मी दुपारी झोपले नव्हते. मेंदूला काय लागतं ते आता कळलं.

अक्रोड ठेवून घेतले आहेत. बाकीचं खोकं परत येत आहे.

वैष्णवी काल आली होती. पुन्हा तेच. "आई, अंबाड्यासाठी गं? अंबाडा बसत नाही म्हणून हेल्मेट काढलंस?" हे तिला कुणी सांगितलं ते मला माहीत आहे. त्यावर सावकाश बोलू. आजचं पान भरलं.

विजयमाला


१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार

अहो अध्यक्ष,

तुमची चिठ्ठी आली. सोबत मालकांगणीच्या तेलाची बाटलीही आली, 'स्मरणशक्तीवर्धक' असं लाल अक्षरात. आणि चिठ्ठीत तुम्ही लिहिता, "झालेल्या गोष्टी आठवायचा ताण घेऊ नकोस. गेलं ते गेलं." धन्य आहे. म्हणजे स्मरणशक्ती वाढायला तेल चोळायचं आणि आठवायचं मात्र काही नाही! मग तेल घालायचं कुठे, चाकाला?

तुम्ही एक गोष्ट विसरलात. बाटलीतलं तेल लावत जा, तुम्हाला गरज आहे. मी टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं बोर्डावर बसले. अर्ध्या पुण्याचे नंबर तोंडपाठ होते माझे. आता कालव्यावर चालताना तेच म्हणत जाते. सुरुवातीला चारच आकडे यायचे आणि पुढे धुकं. आता सबंध येतात. भांडारकर रस्त्यावरच्या त्या खडूस वकिलांचा जुना नंबरही आला आणि बदललेलाही आला. भाग्यश्री म्हणते की तिच्या कुठल्याच पेशंटनं असला गृहपाठ केला नाही. एका मिनिटात भाज्यांची नावं सांगायची असतात, त्यात मी जानेवारीत पाचवर अडकायचे. काल सतरा सांगितल्या, वर तिला चाकवत आणि चंदनबटव्यातला फरक समजावला.

तर नंबर जसे येतात तसं बाकीचंही येतं. ऐका.

दहा नोव्हेंबर, रविवार. तुमच्या 'मोकळं डोकं नागरिक मंचा'ची हेल्मेटसक्तीविरुद्ध दुचाकी फेरी. तुम्ही पुढे, मी मागे. माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं, वैष्णवीनं गणपतीत आणून दिलेलं, निळं. गल्लीच्या तोंडाशी, इस्त्रीवाल्याच्या बंद टपरीसमोर, तुम्ही स्कूटर थांबवली. मागे न बघता म्हणालात, "ते काढ." मी म्हटलं, "असू दे की." तुम्ही म्हणालात, "चौकात पेपरचे फोटोग्राफर उभे आहेत. अध्यक्षाचीच बायको हेल्मेट घालून बसलेली दिसली तर उद्या काय छापून येईल? काढ लवकर, तिकडे लोक खोळंबलेत." मी काढलं. तुम्ही ते पुढच्या हुकाला अडकवलं.

तिथपर्यंत लख्ख आहे. पुढचं नाही. गतिरोधक, पडणं, माणसं जमा होणं, काही नाही. डॉक्टर म्हणतात ते बहुधा कधीच परत येणार नाही, आणि मला नकोच आहे. त्यानंतर एकदम हॉस्पिटलचं छत. तुमचं मनगट मोडलं आणि माझी कवटी. हुकाला लटकलेल्या त्या हेल्मेटवर म्हणे ओरखडासुद्धा उठला नाही.

आता अंबाड्याचं. अंबाडा हेल्मेटमध्ये बसत नाही हे खरं आहे. म्हणूनच गणपतीपासून मी अंबाडा सोडला होता आणि मानेवर खाली वेणी घालत होते, अडतीस वर्षांची सवय मोडून, साठाव्या वर्षी. दोन महिने तुमच्यासमोर वेणी घालून वावरले आणि तुमच्या लक्षातच आलं नाही. आलं असतं तर निदान थाप तरी बरी मारली असती.

वैष्णवीला खरं सांगा. एवढंच मागते आहे. ब्राह्मी नको, तेल नको.

विजयमाला


२४ फेब्रुवारी २०२५, सोमवार

अहो,

'अध्यक्ष' लिहायचीही आज इच्छा नाही.

तुमचं उत्तर वाचलं. "हा तुझ्या मेंदूचा खेळ आहे. मार लागलेला मेंदू रिकाम्या जागा स्वतःच भरतो, असं मी नेटवर वाचलं." वा! टोपी उचलावी तसं डोकं उघडून बघितलंत का माझं? भरतो, मेंदू कधी कधी रिकाम्या जागा भरतो, मलाही डॉक्टरांनी सांगितलंय. पण तुम्ही मात्र धडधाकट मेंदूनं थाप मारलीत, त्याला नेटवर काय म्हणतात ते बघा.

काल वैष्णवीला मी सगळं सांगितलं. सावकाश, न अडखळता. ती शांतपणे ऐकत होती, म्हणून मला वाटलं पटतंय. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "आई, प्लीज. हॉस्पिटलमध्ये मी तुला तीनदा विचारलं, तेव्हा तूच म्हणालीस ना, काही आठवत नाही? आता तीन महिन्यांनी अचानक डायलॉगसकट आठवलं? आणि बाबा खोटं कशाला बोलतील? ते आयसीयूबाहेर किती रडलेत, मी बघितलंय." तुम्ही रडलात म्हणे. लग्न झाल्यापासून मी तुम्हाला रडताना पाहिलं नाही. पोरीला खरं वाटणारच.

मग ती उठून आत गेली आणि पोपटला माझ्या गोळ्यांचं विचारायला लागली. पोपट म्हणाला, "आक्कालाच इचार की, तिला पाठ हायेत." तर ही हळूच म्हणते, "मामा, आईला नको विचारूस. ती काहीही सांगते."

ती काहीही सांगते. मी बाहेर बसून शेंगा फोडत होते, ऐकलं. एकतीस वर्षांत माझ्या हातून एक कॉल चुकीच्या माणसाला जोडला गेला नाही, आणि माझ्या पोटची पोर म्हणते, आई काहीही सांगते. डोक्याला चौदा टाके पडले तेव्हा मी शुद्धीवर नव्हते, म्हणून सुटले. हे मात्र पूर्ण शुद्धीत लागलं. मी शेंगा तशाच टाकून कालव्यावर गेले आणि मोठमोठ्यानं रडले. रडताना नंबर म्हणत होते. येत होते सगळे.

आता माझंही एक खरं सांगते. हॉस्पिटलमध्ये मी तिला "आठवत नाही" म्हटलं, ती थाप होती. पहिल्या दोन वेळा खरंच आठवत नव्हतं. तिसऱ्या वेळी गल्ली आठवत होती, इस्त्रीवाल्याची टपरी आठवत होती, "ते काढ" आठवत होतं. तरी नाही म्हटलं. तुम्हाला वाचवायला म्हटलं असं समजून फुगू नका. लाज वाटली. साठ वर्षांची बाई, निवृत्त सुपरवायझर, आणि कुणी मागे न बघता "काढ" म्हटलं की शाळेतल्या मुलीसारखी काढून देते! हो, मी काढलं. हात माझेच होते. "नाही काढत, तुमचा फोटो गेला खड्ड्यात," एवढं म्हणायचं होतं, त्याला कुठलं टॉनिक लागत नाही. माझ्या वाट्याची चूक मी कुणाच्या अंबाड्यावर ढकलत नाही. तुमच्या वाट्याची तुम्ही उचला.

मी लाजेपोटी गप्प बसले आणि त्या गप्प बसण्यावर तुम्ही तुमची गोष्ट रचलीत. आता माझ्या शब्दावर पोरीचा विश्वास बसायचा तर तो तुमच्याच तोंडून बसेल. दुसरा साक्षीदार नाही.

विजयमाला


७ मार्च २०२५, शुक्रवार

अहो अध्यक्ष,

निमंत्रणपत्रिका मिळाली. कागद छान आहे, जाड. शालनवहिनीनं मोठ्यानं वाचून दाखवली आणि पोपटला हसता हसता ठसका लागला.

'मोकळं डोकं नागरिक मंच. वर्धापनदिन. रविवार १६ मार्च, सकाळी दहा. अध्यक्ष माधवराव यांच्या सुविद्य पत्नी सौ. विजयमाला यांचा मेंदूच्या गंभीर दुखापतीवर मात केल्याबद्दल शाल-श्रीफळ देऊन सत्कार. व्याख्यान: डोक्याला सक्ती नको, सवयी हव्यात! आहार, आयुर्वेद आणि इच्छाशक्ती.' आणि खाली प्रायोजक कोण, तर ती डोक्यात बल्बवाली कंपनी. दारात स्टॉलही लावणार आहेत म्हणे.

पुण्यात काय, सत्कार कुणाचाही होतो. पण बायकोचं डोकं आपल्यामुळे फुटलं आणि ते शिवून बरं झालं म्हणून तिलाच शाल देणारा माणूस या शहरातही पहिलाच असेल. मी बरी झाले ती ज्यांनी कवटी उघडली त्यांच्यामुळे, भाग्यश्रीमुळे, वहिनीच्या भाकरीमुळे, आणि रोज चार किलोमीटर तंगडतोड केली म्हणून. तुमच्या बरण्या तर न फोडता परत आल्या. त्यातलीच एखादी स्टॉलवर मांडणार असाल, पुणेरी काटकसर म्हणून.

तुम्हाला वाटत असेल मी येणार नाही. येणार. पोपट जीपनं सोडेल. वैष्णवीलाही मी कळवलंय, तीही हिंजवडीहून येते आहे. सत्कारमूर्तीला दोन शब्द बोलायला सांगतात ना? मी बोलेन. दोनच.

तुमच्याकडे आठ दिवस आहेत. शनिवारपर्यंत वैष्णवीला घरी बोलावून, समोर बसवून, स्वतःच्या तोंडानं सांगा. सांगितलंत तर मी रविवारी शाल घेईन, "धन्यवाद" म्हणेन आणि खाली बसेन. नाही सांगितलंत तर तुमच्याच माइकवर मी सांगेन. ही धमकी आहे का? आहे.

भीती एकाच गोष्टीची वाटते. घरात माझा शब्द अडला तर वहिनी थांबते. तिथे दोनशे माणसं असतील. ऐन वेळी तोंड उघडं राहिलं आणि शब्द आलाच नाही, तर सगळे कीव करून टाळ्या वाजवतील, आणि वैष्णवीला वाटेल की झालं, आई अशीच आहे. भाग्यश्रीला हे सांगितलं. ती म्हणाली, "शब्द अडला तर घाबरायचं नाही काकू, थांबायचं. थांबणं म्हणजे चुकणं नाही." आरशासमोर उभी राहून रोज म्हणते आहे. तीन वाक्यं आहेत. पोपटच्या म्हशींना पाठ झाली असतील.

विजयमाला


१७ मार्च २०२५, सोमवार

अहो,

शनिवार गेला, तुम्ही वैष्णवीला बोलावलं नाहीत. रविवारी तिकडे आलेच मी. तुम्ही तिथेच होतात, तरी सांगते, कारण तुम्ही पूर्ण वेळ स्वतःच्या चपलांकडे बघत होतात. खुर्चीवरून मला काय दिसलं ते तुम्हाला माहीत नाही.

हॉल भरलेला होता. दाराशी स्टॉलवर मुलगा डोक्यातल्या बल्बची पत्रकं वाटत होता. माझे केस इंचभर आले आहेत, मी पदर घेतला नव्हता, मुद्दाम. टाक्यांची रेघ पहिल्या रांगेला स्वच्छ दिसावी म्हणून मान वळवून बसले होते. वैष्णवी तिसऱ्या रांगेत होती, कडेला. तुमच्या कार्यवाहांनी माझ्या इच्छाशक्तीवर पंधरा मिनिटं भाषण केलं. मला इच्छाशक्ती आहे हे त्यांना कुठून कळलं, देव जाणे. मग शाल, नारळ, टाळ्या, आणि माइक.

पहिलं वाक्य नीट गेलं. "दहा नोव्हेंबरला माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं." खुर्च्या करकरल्या. दुसरंही गेलं. "अंबाडा नव्हता, वैष्णवी, त्या हेल्मेटसाठी मी दोन महिने वेणी घालत होते." तिनं मान वर केली. तिसरं म्हटलं, "गल्लीच्या तोंडाशी ते मला काढायला," आणि पुढे काही नाही.

तुम्ही बघितलं नाहीत, पण सगळा हॉल माझ्या तोंडाकडे बघत होता. कार्यवाह उठून माइक घ्यायला निघाले. मागे कुणीतरी "अरेरे, बिचारी" म्हणालं. पोपट भिंतीशी मुठी आवळून उभा. वैष्णवीचे डोळे भरले, आणि ते विश्वासानं नव्हेत, कीव येऊन. मला ओळखता येतं.

आणि मग माझ्या शेजारून तुमचा आवाज आला. "लावलं. मी काढायला लावलं. फोटोसाठी."

हळू बोललात. पण माइक मी तुमच्याकडे धरला होता.

पुढचा गोंधळ तुम्ही निस्तरा, तुमचा मंच आहे. वैष्णवी वर आली, तुमच्याकडे तिनं बघितलंही नाही. माझ्या मानेवर हात ठेवून तिनं एवढंच विचारलं, "वेणी घालत होतीस?" मी म्हटलं, "हो गं." मग आम्ही दोघी तिथेच रडलो, शाल-नारळासकट. काल रात्री ती इथेच राहिली. आज सकाळी तिनं पोपटला नाही, मला विचारलं की गोळ्या कोणत्या वेळी असतात. मी सांगितल्या. तिनं लिहून घेतल्या आणि पडताळूनसुद्धा बघितल्या नाहीत.

तिनं तुमच्याशी बोलावं की नाही ते तिचं ती ठरवेल, मी तुमची वकिली करणार नाही. घरी कधी येतेस, हेही विचारू नका. इथे मला झोप लागते. तुम्ही बोललात हे मात्र मी मानते. दोनशे माणसांत, स्वतःच्याच मंचावर. सोपं नव्हतं.

वैष्णवी जीपमध्ये म्हणाली, "आई, तुझा शब्द अडला आणि बाबांनी पुरा केला, नाहीतर मला कधी कळलंच नसतं." तिला नाही सांगितलं ते तुम्हाला सांगते. शब्द अडला नव्हता. 'लावलं' माझ्या जिभेवर तयार होतं. पण मी म्हटलं असतं तर ती पुन्हा म्हणाली असती, आई काहीही सांगते. तो शब्द तुमच्या तोंडून यायला हवा होता. बोर्डावर आम्ही समोरच्यानं फोन उचलावा म्हणून वीस रिंगा थांबायचो, तेवढंच थांबायचं मी ठरवलं होतं, आणि मनात मोजत उभी होते. तुम्ही सतराव्याला उचललात. विसाव्याला मीच बोलणार होते.

विजयमाला